दुसरा भोवरा

१

१२ मार्च २०२५, बुधवार. सकाळपासून कोरडं ऊन, वारा अजिबात नाही. आज पाण्याचा दिवस होता.

पाण्याच्या दिवशी माझं काम उशिरा सुरू होतं. टाकी, पिंप, हंडे, शेवटी बादल्या, या क्रमानं सगळं भरून झालं आणि कमलाकर जेवून ऑफिसला गेले, की मी मागच्या खोलीत जाऊन संगणक लावते. खोली ओवीची, आमच्या मुलीची. आरशाच्या कडेला तिनं चिकटवलेल्या टिकल्या अजून आहेत. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात दुपारी दोनच आवाज असतात, खालच्या वह्यांच्या दुकानाचं शटर आणि संगणकाचा पंखा.

मी चित्रकला शिकवायचे. शाळेनं तो तास बंद केला, तेव्हा व्हिडिओ पाहून पाहून संगणकावर माणसं घडवायला शिकले. पुण्याचे अनिलकुमार मुलांसाठी गोष्टींचे व्हिडिओ काढतात. त्यांना गोष्ट सांगणारी एक ताई हवी होती. विशीची, सावळी, कमरेपर्यंत केस. नमुन्याला फोटो पाठवतो म्हणाले, पाठवले नाहीत. मग मी ओवीचा चेहरा वापरला. तो मला पाठ आहे. त्यात दुसरं काही नव्हतं.

चेहरा, हात, पाय, कुर्ता झाला. कपड्याखालचं अंग अजून तसंच ठेवलंय. या कामात एक नियम असतो, जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते काढून टाकायचं, म्हणजे फाईल हलकी होते. पण ते शेवटी करतात.

राहिले केस. केसांइतका चिवट भाग दुसरा नाही. टाळूवर थोडे मुख्य केस आपण लावायचे, ब्रशनं विंचरून त्यांना वळण द्यायचं, मधले हजारो केस संगणक त्यांच्याकडे बघून स्वतः भरतो. मग उजेड लावून पक्कं चित्र काढायला सांगायचं. त्याला रेंडर म्हणतात. चित्र चौकोनाचौकोनानं उमटत जातं आणि चुका तिथंच उघड्या पडतात. केस खांद्यातून आरपार जातात, भांग रुंद होऊन टाळू दिसते, बटा तारेसारख्या ताठ राहतात. आज या सगळ्या चुका एकेक करून काढल्या. मग पाठीमागून रेंडर काढला, तर डोक्याच्या मागं, उजव्या अंगाला, दुसरा भोवरा होता.

मी तो घातलेला नव्हता.

ओवीला दोन भोवरे आहेत. जावळ काढताना न्हाव्यानं ते सासूबाईंना दाखवले आणि सासूबाई म्हणाल्या, "दोन भोवरे, दोन मांडव." मी असलं मानत नाही. पण पत्रिका छापून झाल्यावर ओवीनं ठरलेलं लग्न मोडलं आणि जेऊरच्या अजिंक्यशी नोंदणी पद्धतीनं लग्न करून मोकळी झाली, तेव्हा नात्यातल्या प्रत्येक बाईला तो भोवरा आठवला. तेव्हापासून आम्ही दोघी बोलत नाही.

या ताईला मी एकच भोवरा दिला होता. काम माझं होतं.

२

आधी वाटलं, टाळूचा पृष्ठभाग तिथं उलटा झाला असेल. तसं झालं की केस भलत्या दिशेला वळतात. तपासला, सरळ होता. मग ते मुख्य केस उपटून नवे लावले, खाली वळवून विंचरले. काम करताना डोकं गुळगुळीत दिसायचं. रेंडर काढला की भोवरा जागच्या जागी. डोकं पुन्हा पहिल्यापासून घडवलं. त्याच्यावरही तो आला.

माझ्या सवयीप्रमाणे मी रागावले नाही. संगणक चुकत नाही, आपण कुठंतरी काहीतरी सांगून बसलेलो असतो आणि विसरतो. मी ते शोधत बसले.

दुसरी गोष्ट आवाजाची. रेंडर चालू असताना खर्र असा आवाज यायचा, मधे थांबून पुन्हा खर्र. पंख्यात धूळ अडकली असेल म्हणून डबा उघडून रंगाच्या जुन्या ब्रशनं पातं नि पातं पुसलं. आवाज राहिला. फक्त चित्र उमटत असतानाच यायचा, आणि नीट ऐकलं तर टेबलाकडून नव्हे, पाठीमागून, आरशाच्या बाजूनं. मी वळून पाहिलं. आरशाखाली सतरंजीचा तुकडा आहे. ओवी शाळेत जाताना वेणी घालून घ्यायला तिथं माझ्याकडं पाठ करून बसायची. त्याच्यावर काही नव्हतं. भिंत पोकळ असेल तर आवाज परतून येतो, असं मी मनाला सांगितलं. भिंतीवर टिचकी मारली. भिंत भरीव होती.

अनिलकुमारना फोन केला.

"मॅडम, मुलं मागनं बघतात का हो? समोरनं छान आहे, द्या पाठवून," ते म्हणाले.

"चूक ठेवून काम देत नाही मी."

"मग तेवढी जागा खोडा की! तुम्हाला काय अवघड आहे?"

ते मला सुचलं नव्हतं असं नाही. शाळेतल्या पोरांना मी जे करू देत नव्हते, ते करायची माझी इच्छा नव्हती. पण शनिवारी दुपारी केलं. केस कुठं उगवावेत आणि कुठं नाहीत, हे सांगायला टाळूचा एक नकाशा असतो. पांढऱ्या जागी केस येतात, काळ्या जागी येत नाहीत. मी रुपयाएवढा ब्रश घेतला आणि भोवऱ्यावर काळा ठिपका दिला. शेजारचे केस त्याच्यावर ओढून घेतले.

रेंडर काढला. डोकं मागून एकसारखं, काळं, सरळ आलं. आवाजही आला नाही. फाईल अनिलकुमारनी दिलेल्या ड्राइव्हवरच्या फोल्डरमध्ये टाकली आणि आमटी गरम करायला उठले. बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली होती.

३

कमलाकर रोज ऑफिसातून आल्यावर चहाचा कप घेऊन गच्चीत जातात आणि ओवीशी फोनवर बोलतात. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक आहे. मंगळवारी खाली आले ते कप हातात तसाच भरलेला घेऊन.

"काय झालं?"

"तुला काय करायचंय?"

"चहा सांडतोय फरशीवर, म्हणून विचारलं."

ते खुर्चीत बसले. "ओवीला चाई पडलीय."

चाई म्हणजे केस एकाच जागचे गोल जाऊन खाली चकचकीत कातडं दिसणं. मी विचारलं, "कुठं?"

त्यांनी बोट स्वतःच्या डोक्याच्या मागं नेलं, उजव्या अंगाला, आणि टेकवलं. "एवढी. रुपयाएवढी. शनिवारी दुपारी केस विंचरत होती, तिथला पुंजका फणीत निघून आला म्हणे."

मी म्हटलं, "तिकडचं पाणी जड आहे. आणि उन्हातान्हात शेतात फिरते, डोक्याला तेल नाही."

"तू ना," ते म्हणाले आणि कप मोरीत ओतायला उठले.

बुधवारी मी एक प्रयोग केला. मी त्याला प्रयोग म्हटलं, म्हणजे ते बरं वाटतं. ताईच्या डाव्या कानशिलावर एक चुकार बट होती, फार नाही, चारदोन केस. ती काढली. एवढीशी दुरुस्ती कोणीही करतं. फाईल जपून ठेवली आणि गच्चीतला फोन व्हायची वाट पाहिली.

कमलाकर खाली आले. मी विचारलं नाही. तेच म्हणाले, "उद्या येतेय. त्वचेच्या डॉक्टरकडं दाखवायचंय. आता कानाजवळचे पण जायला लागलेत."

"डाव्या?"

"तुला कसं कळलं?"

"दोनच कान असतात," मी म्हटलं.

४

त्या दोघी सकाळच्या गाडीनं येऊन, डॉक्टरला दाखवून दुपारी घरी आल्या, ओवी आणि तिची सासू वच्छलाबाई. ओवीनं डोक्याला ओढणी गुंडाळली होती. ती माझ्याकडं न बघता आत गेली आणि पंख्याखाली बसली.

वच्छलाबाई दारातच म्हणाल्या, "विहीणबाई, पाणी द्या आदी, मग भांडा. उनानं जीव चाललाय."

"मी कशाला भांडू?"

"मंग न्हाय तर न्हाय. आमच्यात भांडल्याबिगर पाव्हणा जेवत न्हाय." पाणी पिऊन त्यांनी आवाज खाली घेतला. "डाक्टर म्हणला, काळजीनं व्हतंय. मलम दिलंय. म्या म्हणलं, काळजी कसली वो? पोरगी हसतीया, खातीया, रानात येतीया. पर रातच्याला उशी बघावं तर लई केस. तुमी आई हाय. तुमी एकदा इचरा की तिला."

"मला सांगणार नाही ती."

"इचारलंय का?"

मी आत गेले. ओवी पंख्याखाली नव्हती. मागच्या खोलीत, संगणकासमोर उभी होती. मी पडदा बंद करायला विसरले होते आणि ताई हळूहळू स्वतःभोवती फिरत होती.

"ही मी आहे?"

"नाही. कामाचं आहे."

ती बघत राहिली. ताईची पाठ आली. ओवीनं पडद्याजवळ तोंड नेलं. "एकच भोवरा." मग ताई समोर आली. "गळा पण मोकळा." तिनं स्वतःचं मंगळसूत्र कुर्त्यात ढकललं, मी बघू नये म्हणून की मी बघावं म्हणून, कळलं नाही. "दुरुस्त करून घेतलंस होय मला? छान झालेय. हिला म्हणावं, पत्रिका छापल्यावर पळू नको."

"ओवी."

"केस काय सुंदर केलेस गं तिचे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिथं फाटला.

मी म्हटलं, "बस. तेल लावते."

मला वाटलं, नाही म्हणेल. ती आरशाखाली सतरंजीवर बसली, पाठ करून, आणि ओढणी सोडली. चाई होती तिथंच होती, ठिपक्यासारखी वाटोळी, कडा स्वच्छ. माझ्या ब्रशची कड अशीच स्वच्छ असते. मी बांगड्या आणि पाटली मागं सारून बोटांनी तेल लावलं. चटका बसल्यासारखी मान आत घेतली तिनं, मग सैल सोडली. मी फणी घेतली आणि वरून खाली ओढली.

खर्र.

मधे थांबून पुन्हा ओढली. खर्र. हा आवाज मी चार दिवस ऐकला होता, याच जागेवरून. तेव्हा या जागी कोणी नव्हतं.

"थांबलीस का?" ओवी म्हणाली.

"काही नाही. गुंता आहे."

फणीत जे आलं ते मी तिला दाखवलं नाही. नेहमीसारखं बोटाभोवती गुंडाळून गुंतवळ केलं आणि मुठीत धरलं. जायच्या वेळी वच्छलाबाई म्हणाल्या, "या जेवाय जेऊरला. लेकीचं घर हाय, दुश्मनाचं न्हाय." ओवीनं मागं वळून पाहिलं. मी मान हलवली. वर्षभरात आमच्यात एवढंच झालं होतं, आणि ते खूप होतं.

५

त्या जिना उतरताच मी बसले. काळा ठिपका पांढरा केला. कानशिलावरची बट परत लावली. मग दुसऱ्या भोवऱ्याचे मुख्य केस मी स्वतः लावले, एकेक, आतून बाहेर, ओवीच्या डोक्यावर ते जसे फिरतात तसे. मला ते पाठ होतं. इतके दिवस न देण्यासाठी पाठ होतं.

पाठीमागून रेंडर लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले. खर्र सुरू झालं. मी वळले नाही.

चौकोन भरत आले. भोवरा बरोबर आला होता. पण खाली केस मोकळे नव्हते. तीन पेडांत वेगळे केलेले होते, वेणी घालायच्या आधी धरतात तसे ताणून, आणि पेडांच्या मधल्या फटी बोटांच्या मापाच्या होत्या. मी वेणी घातली नव्हती. ताईचे दोन्ही हात खाली, अंगासरशी होते. कुर्त्याच्या पाठीवर एक सावली पडली होती. मी चित्र मोठं केलं. सावली हाताची होती, मनगटापर्यंतच. मनगटात बांगड्या होत्या, दोन काचेच्या, मधे एक पाटली. मी माझा हात टेबलाखाली घेतला.

कमलाकर गच्चीतून आले ते हसत. "ओवीचा फोन. आता जेऊरला पोचली. गाडीत डोक्याला खाज सुटली म्हणून वच्छलाबाईंनी बघितलं, तर चाईवर बारीक लव आलीय. मलमाचा गुण बघ, अजून लावलं पण नाही!"

आता मला शंका घ्यायला जागा राहिली नव्हती, तरी रात्रभर मी ती घेत राहिले. सकाळी फाईल पुसून टाकावी असं ठरवलं. बोट बटणावर ठेवलं. पण ती पुसली तर काय काय पुसलं जाईल, हे मला माहीत नव्हतं. बोट काढून घेतलं. फाईल होती तशी ठेवायची, कोणी हात लावायचा नाही, एवढाच एक मार्ग दिसला. अनिलकुमारना फोन केला.

"ताई परत द्या. मी दुसरी करून देते, याहून चांगली."

"का हो मॅडम? आवडलीय सगळ्यांना. फक्त जड आहे, केसांमुळं मोबाईलवर अडकते. ते आम्ही बघतो."

"बघू नका. हात लावू नका तिला. काम अपुरं आहे."

"अहो, करार झालाय. आता आमची ताई आहे ती." ते मोठ्यानं हसले. "मुलगी दिली म्हणजे दिली, मॅडम!"

मी फोल्डर उघडायला गेले. माझ्यासाठी तो बंद झाला होता. माझ्या संगणकावर एक प्रत होती. ती मी रोज सकाळी उघडत होते, हात न लावता बघत होते आणि बंद करत होते. भोवरे दोन होते. गच्चीतले फोन चांगले होते. ओवीनं मला पाडव्याला जेऊरला बोलावलं होतं, तिच्या बाबांमार्फत, पण नाव घेऊन. मी तिच्यासाठी साडी काढून ठेवली.

६

३० मार्च, रविवार, पाडवा. ऊन कडक, आकाश स्वच्छ. गुढी उभारताना वारा नव्हता.

जेऊरला निघायच्या तयारीत असताना अनिलकुमारचा संदेश आला. तो इथं उतरवून ठेवते.

"पाडव्याच्या शुभेच्छा मॅडम! ताई फायनल झाली. केस जड जात होते म्हणून काल रात्री पूर्ण काढले, डोक्याला ओढणी दिली, गोड दिसते. कॅमेरा कमरेपर्यंतच आहे म्हणून कमरेखालचं पण काढलं. आता मोबाईलवर एकदम मस्त चालते. जुन्या फाईलवरच सेव्ह केलंय."

मी माझी प्रत उघडली. ती मी बंद केली होती तशीच असायला हवी होती. तिच्यातही केस नव्हते. मी ताईला खालून बघितलं. कुर्त्याच्या आत काही नव्हतं, पडद्याचा करडा रंग आरपार दिसत होता.

अनिलकुमारना फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाहेरच्या खोलीत कमलाकरचा फोन वाजायला लागला. त्यांनी उचलला. वच्छलाबाईंचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला.

"दादा, गाडी करून या! पोरीला उटता येईना. पाय हायत की वो, पर तिला म्हाईतच न्हायत. म्या चिमटा काडला, तरी म्हणती, आई, कुटं हात लावतायसा? आन् उशीवर..."

कमलाकरनी फोन माझ्याकडं दिला. मी घेतला. पलीकडं ओवी होती.

"आई, केस परत लावतेस का माझे?" ती म्हणाली. "तू लावलेस तेव्हा आले होते."

ओवीला दुपारी करमाळ्याला दाखवून संध्याकाळी सोलापूरला आणलं. डोक्यावर केस नाहीत, भुवया आणि पापण्या आहेत. कमरेखाली संवेदना नाही. तपासण्यांत कारण सापडलं नाही. ताईची पहिली गोष्ट सायंकाळी प्रसिद्ध झाली.